ओहायोची राज्यघटना बदलायची तर: सही कोण करू शकतं, मत कोण देऊ शकतं

८ ऑगस्ट २०२३ला अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता. राज्याच्या घटनादुरुस्तीला निम्म्याहून जास्त मतं पुरेत, की ६० टक्के हवीत? विधिमंडळाने पाठवलेला हा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती जवळपास ५७ टक्क्यांनीच मंजूर झाली. ऑगस्टचा निकाल उलटा लागता, तर ती पडली असती. नियमावरचं मतदान रूक्ष वाटतं, पण ते चुकवू नका.

नागरिकांना दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार १९१२पासून आहे. आधी १,००० मतदारांच्या सह्यांसह मसुदा आणि सारांश अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे जातो. पुढे मसुद्यात विषय एकच आहे ना, हे बॅलट बोर्ड (मतपत्रिकेचं मंडळ) तपासतं. मग खरी मेहनत: गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या १० टक्के सह्या, म्हणजे सध्या ४ लाख १३ हजारांच्या वर. त्याही ८८पैकी किमान ४४ काउंट्यांतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), प्रत्येकी तिथल्या मतांच्या ५ टक्के. फेटाळलेल्या प्रस्तावात सगळ्या ८८ काउंट्यांची अट होती. सह्या कमी पडल्यास मिळणारी दहा दिवसांची जादा मुदतही त्यात काढून टाकली होती.

सही फक्त नोंदणीकृत मतदाराचीच चालते. एका अर्जावर एकाच काउंटीच्या सह्या घेतात. डब्लिन गाव तीन काउंट्यांत पसरलंय, त्यामुळे त्याच गावातल्या दोघांना कधी वेगवेगळ्या कागदांवर सही करावी लागते. घर बदललं असेल तर मतदार यादीतला पत्ता आधी बदलून घ्या.

मतदानासाठी अमेरिकेचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, ओहायोत किमान ३० दिवसांचं वास्तव्य आणि मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी हवी. कोलंबस, सिनसिनाटीतल्या आपल्या मंडळींनी नीट लक्षात घ्यावं: एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर मत देता येत नाही, नोंदणीही करू नका. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं भारत सरकारचं कार्ड) असलं तरी हक्क पूर्ण आहे.

नोंदणी ऑनलाइन करायची तर ओहायोचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी लागतो. नसेल तर कागदी अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे द्या. मतदान केंद्रावर मुदतीतलं फोटो ओळखपत्र न्या: लायसन्स, स्टेट आयडी किंवा अमेरिकेचा पासपोर्ट. विजेचं बिल २०२३पासून चालत नाही. ओळखपत्र घरी राहिलं तरी परत फिरू नका, प्रोव्हिजनल (पडताळणीनंतरच मोजली जाणारी) मतपत्रिका मागा आणि चार दिवसांच्या आत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात ओळखपत्र दाखवून या.