जुन्या अॅल्युमिनियम साइडिंगमागे नक्की काय असतं? थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमचे कारखाने गिऱ्हाईक शोधत होते, ते घरांच्या भिंतींवर सापडलं, साइडिंगच्या म्हणजे बाहेरच्या भिंतीवर लावायच्या पत्र्याच्या आवरणाच्या रूपात. ५० आणि ६० च्या दशकांत सेल्समन दारोदार फिरून हे साइडिंग विकायचे, आणि जुनं काढायची कटकट नको म्हणून बहुतेक वेळा ते आधीच्या भिंतीवरच ठोकलं जायचं. सगळी गोम इथेच आहे. पत्रा पातळ, चेंडू लागला तरी पोचा पडायचा, म्हणून काही पॅनलमागे लाकडी तंतूंचा फायबरबोर्ड असायचा, नंतर थर्माकोल आला. ७० नंतर व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या साइडिंगने मार्केट खाल्लं.

ओळखायला सोपं आहे, लोहचुंबक चिकटत नाही (स्टीलला चिकटतो) आणि हात फिरवला की पांढरी पूड लागते. ती पूड जुन्या रंगाची असते. खरी शंका घ्यायची ती पत्र्याखाली काय आहे याची, कारण तिथे बऱ्याचदा अॅस्बेस्टॉस (तंतूमय खनिज, त्याची धूळ श्वासात गेली तर कॅन्सर होऊ शकतो) मिसळलेल्या सिमेंटच्या शिंगल्स, म्हणजे भिंतीवर ठोकायच्या चपट्या फरश्या निघतात, आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांचंच भावंड.

आता "अॅस्बेस्टॉस तर कधीच बंद झालं ना" हा घोळ. १९७३ ला फवारणीचं इन्सुलेशन बंद झालं, मग १९८९ ला सरकारने जवळजवळ सगळ्याच वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, पण उद्योगवाले कोर्टात गेले आणि १९९१ ला अपील कोर्टाने ती बरीचशी उडवली, कारण काय तर कमी जाचक पर्याय नीट तपासले नाहीत आणि खर्चाच्या मानाने फायदा दाखवला नाही. उरली बंदी फक्त अॅस्बेस्टॉसचा कॉरुगेटेड (नालीदार) पेपर, फ्लोअरिंग फेल्ट (फरशीखालचा थर) अशा मोजक्या वस्तूंवर आणि नव्या वापरांवर. सिमेंट शिंगल्स त्यात नाहीत! माझ्या मते हा निकाल महागात पडला, आणि वर लोकांच्या डोक्यात मात्र १९८९ हेच साल पक्कं बसलं, त्यामुळे अमुक सालानंतरचं घर म्हणजे सेफ असं धरून चालतात.

२०२४ मध्ये क्रायसोटाइल या अॅस्बेस्टॉसच्या प्रकारावर बंदी आली, पण ती चालू आयात आणि वापरावर, भिंतीवर आधीच ठोकलेल्या मालाला ती हात लावत नाही. न्यू जर्सीत जुनी घरं घेणारी आपली मंडळी बरीच आहेत, त्यांनी पॅनल उचकटण्याआधी मागच्या बोर्डाचा आणि खालच्या थराचा, दोन्हींचे नमुने माहितगाराकडून काढून लॅबला द्यावेत, डोळ्यांनी बघून अॅस्बेस्टॉसचे तंतू ओळखता येत नाहीत. एक टक्क्याच्या वर निघालं की तो अॅस्बेस्टॉसयुक्त माल धरतात.