प्रोसेसरमधलं मॉड्युलेशन: आधी वेग, मग खोली

आमच्याकडून गिटारचा मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर नेलेले ग्राहक पुन्हा दुकानात येतात तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न मॉड्युलेशनचेच, म्हणजे आवाज सतत हेलकावत ठेवणाऱ्या कोरस, फ्लँजरसारख्या इफेक्टचेच असतात. आवाज फाडणारं डिस्टॉर्शन जमतं, आवाज पुन्हा उमटवणारा डिले आणि घुमवणारा रिव्हर्बही जमतात. पण कोरस लावला की गिटार बेसूर वाटते आणि फ्लँजर लावला की गाणं मागे पडून नुसता घोंगाट पुढे येतो. यात मशीनचा दोष नसतो. प्रोसेसरमध्ये आधीच भरून आलेले पॅच, म्हणजे साठवलेली सेटिंग्ज, एकटी गिटार हेडफोनवर ऐकताना चटकन आवडावेत अशा बेताचे असतात, म्हणून त्यांत इफेक्टचं प्रमाण सढळ असतं. तोच पॅच ढोलक, कीबोर्ड, बेस आणि गायक यांच्यात नेला की जड होतो. तो हलका कसा करायचा, ते या माहितीपत्रकात सांगितलं आहे. प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा असला तरी यातलं बहुतेक लागू पडेल. नॉबची नावं थोडीफार वेगळी असतील, एवढंच.

आत काय चालतं

मॉड्युलेशनच्या प्रत्येक इफेक्टमागे एक संथ लहर सतत वर-खाली होत असते. तिला एलएफओ म्हणतात. ती स्वतः ऐकू येत नाही. दहा सेकंदांत एखादा हेलकावा ते सेकंदाला दहा हेलकावे, असा तिचा साधारण वेग असतो, आणि तिचं काम दुसरं काहीतरी हलवणं एवढंच. ट्रेमोलोमध्ये ती आवाजाची पातळी हलवते, व्हायब्रेटोमध्ये सूर, फेजरमध्ये फिल्टर, कोरस आणि फ्लँजरमध्ये अगदी छोटा डिले, म्हणजे उशीर. 'रेट' किंवा 'स्पीड' हा नॉब लहरीचा वेग ठरवतो आणि 'डेप्थ' तिची खोली, म्हणजे ती किती दूरवर हलवणार ते. बाकीचे नॉब आहेतच, पण आवाज सुधारतो किंवा बिघडतो तो बहुधा या दोघांमुळे.

हे दोन नॉब एकमेकांपासून सुटे नाहीत, हे आम्हाला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे. कोरसमध्ये तुमचा मूळ आवाज सरळ जातो आणि त्याची एक प्रत थोडी उशिरा त्यात मिसळते. हा उशीर वाढत असतो तेव्हा प्रतीचा सूर किंचित उतरतो, कमी होत असतो तेव्हा चढतो. सूर किती हलणार, हे उशीर किती झपाट्याने बदलतो यावर ठरतं. समजा, लहर त्या डिलेला मध्यापासून दोन्ही बाजूंना २ मिलिसेकंद हलवते आहे. दोन सेकंदांत एक हेलकावा, असा रेट असेल तर सूर जास्तीत जास्त ११ सेंट चढतो-उतरतो. १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर, सा ते कोमल रे एवढं अंतर. ११ सेंटचा फरक कानाला गोड लागतो, आवाज भरीव वाटतो. आता डेप्थला हातही न लावता रेट सेकंदाला पाच हेलकाव्यांवर न्या. तोच फरक १०० सेंटच्या पुढे जातो. सा वाजवला तर प्रत एकदा कोमल रे गाते आणि लगेच खालचा शुद्ध नी. गिटार बेसूर लागणारच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गाण्याला साजेसा रेट पक्का करा, मग डेप्थ शून्यावरून हळूहळू वाढवा. नंतर रेट दुप्पट करावासा वाटला तर डेप्थ निम्मी करा, म्हणजे सुराचा हेलकावा होता तेवढाच राहील. अनेक प्रोसेसर रेट ० ते १०० असा दाखवतात आणि त्यावरून सेकंदाचा काहीच अंदाज येत नाही. अशा वेळी एकच कॉर्ड वाजवून धरा, घड्याळ लावून दहा सेकंदांतले हेलकावे मोजा आणि दहाने भागा.

कोरस

कोरसची गिटारवादकांना खरी ओळख झाली ती रोलंडच्या जेसी-१२० या अँपमुळे. तो १९७५ साली आला. त्यात बारा इंचांचे दोन स्पीकर होते; कोरस चालू केला की एकातून सरळ आवाज आणि दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोन्ही एकत्र व्हायचे ते खोलीतल्या हवेत. पुढच्याच वर्षी बॉस कंपनीने तेच सर्किट सीई-१ या पेडलमध्ये दिलं. तुमच्या प्रोसेसरमधल्या कोरसच्या यादीत यांपैकी एकाची तरी नक्कल बहुधा सापडेल.

सुरुवातीला रेट सेकंदाला अर्धा ते एक हेलकावा, डेप्थ एक तृतीयांश आणि मिक्स, म्हणजे डुलणाऱ्या प्रतीचं प्रमाण, तीसच्या आसपास ठेवा. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजावर एकेक तार छेडून वाजवलेल्या कॉर्डला हे फार शोभतं. भरगच्च स्ट्रमिंग असेल तर मिक्स आणखी उतरवा. 'लो कट' असा पर्याय दिसला तर तो २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) आसपास लावून पाहा. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा असतो. खालचा भाग कोरसमधून वगळला की मंद्रातले सूर ठाम राहतात आणि बेसवाल्याशी भांडत नाहीत. गिटार सुरात लावताना कोरस बंद ठेवा. सुरात नसलेल्या तारांचा दोष कोरस झाकत नाही, उलट वाढवतो.

मिक्स शंभरवर नेलं की मूळ आवाज नाहीसा होतो, फक्त डुलणारी प्रत उरते आणि कोरसचा व्हायब्रेटो होतो. हवा असेल तेव्हा तो जरूर वापरा, पण नकळत तिथे पोहोचू नका.

फ्लँजर आणि फेजर

फ्लँजरमधला डिले कोरसपेक्षा बराच लहान, साधारण १ ते १० मिलिसेकंदांचा. इतक्या जवळची प्रत मूळ आवाजात मिसळली की काही कंपनसंख्या एकमेकींना मारतात. डिले १ मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खाचा पडतात. ५ मिलिसेकंद असेल तर १००, ३००, ५०० अशा दाट. लहर डिलेला हलवते तेव्हा या सगळ्या खाचा एकदम सरकतात आणि तो ओळखीचा 'शूऽऽ' आवाज येतो. 'फीडबॅक' किंवा 'रेझोनन्स' वाढवला की त्याला धार येते. डिस्टॉर्शनमध्ये वरचे स्वरांश भरपूर असल्याने खाचांना कापायला बरंच काही मिळतं. म्हणून क्लीनवर बरा वाटलेला फ्लँजर डिस्टॉर्शनवर अंगावर येतो, आणि त्याच्यासाठी वेगळा पॅच लागतो.

फीडबॅक अगदी कमी ठेवला तर फ्लँजर कोरसच्या जागी वापरता येतो, आणि आमच्या मते तो कोरसपेक्षा स्वच्छ लागतो. 'द पोलीस' या बँडमधल्या गिटारवादक अँडी समर्सचा सुरुवातीच्या काळातला चमकता आवाज अनेकांना कोरस वाटतो. तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस नावाचा फ्लँजर होता.

फेजरमध्ये खाचा मोजक्याच असतात. चार स्टेजच्या, म्हणजे एकामागोमाग चार फिल्टर असलेल्या फेजरमध्ये दोन. त्यामुळे तो मऊ वाटतो आणि गाण्यात सहज मुरतो. एमएक्सआरचा फेज ९० हा १९७४चा पेडल चार स्टेजचाच आणि त्याला नॉब एकच, वेगाचा. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तो अँपच्या आधी, संथ वेगावर वापरला आणि सोलो उठावदार केले. मॉड्युलेशन नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात फेजरपासून करावी असं आम्ही नेहमी सुचवतो, कारण यात चुकीला जागा कमी आहे.

'युनि-व्हाइब' किंवा नुसतं 'व्हाइब' नावाचं मॉडेल दिसलं तर तेही फेजरच्याच घराण्यातलं. मूळ यंत्रात एक लुकलुकणारा बल्ब आणि त्याच्याभोवती चार प्रकाशसंवेदी घटक होते, त्यामुळे त्याचा हेलकावा जरा लंगडत चालतो. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सजवळ तो होता.

ट्रेमोलो आणि ताल

ट्रेमोलोत सूर जागेवरच राहतो, पातळी तेवढी कमी-जास्त होते. त्यामुळे बेसूर होण्याची भीती नाही, पण बेताल होण्याची नक्की आहे. टॅप टेम्पो (गाण्याच्या ठोक्यावर पायाने दाबून वेग ठरवायची सोय) इथे वापरायलाच हवा. हिशेब सोपा आहे: बीपीएमला, म्हणजे मिनिटाच्या ठोक्यांना, ६०ने भागलं की सेकंदाचे ठोके मिळतात. गाणं ९० बीपीएमचं असेल तर ठोक्याला एक स्पंदन म्हणजे १.५ हर्ट्झ, ठोक्याला दोन म्हणजे ३ हर्ट्झ. केरव्याच्या गाण्यांना ठोक्याला दोन किंवा चार असा भाग चांगला बसतो.

दादऱ्याला हेच लावलं तर गिटार ढोलकवाल्याच्या आड येते. तिथे पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पायाने टॅप करा आणि विभागणीत ट्रिपलेट, म्हणजे एका टॅपचे तीन भाग, निवडा. सहा मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांचं असेल तर ट्रेमोलो ३ हर्ट्झवर येईल आणि प्रत्येक मात्रेला एक स्पंदन मिळेल. ट्रेमोलो लावल्यावर आवाज एकूण कमी भासतो, म्हणून त्या पॅचची लेव्हल थोडी वाढवून ठेवा.

रोटरी

हॅमंड ऑर्गनबरोबर वाजणाऱ्या लेस्ली स्पीकरची ही नक्कल. मूळ पेटीत वर फिरणारा हॉर्न आणि खाली फिरणारा ड्रम असतो. संथ गतीला हॉर्न सेकंदाला एका फेऱ्यापेक्षाही कमी फिरतो, जलद गतीला सहा-सात फेरे. या इफेक्टची खरी मजा या दोन गतींमधल्या प्रवासात आहे, कारण हॉर्न लवकर वेग घेतो आणि ड्रमला वेळ लागतो. म्हणून एक फूटस्विच 'स्लो/फास्ट'ला जोडा. अंतऱ्याभर संथ ठेवून शेवटच्या ओळीवर जलद करा. प्रोसेसरला एक्स्प्रेशन पेडल असेल तर तो रेटला जोडूनही हे करता येतं.

साखळीत कुठे ठेवायचं

सर्वसाधारण क्रम: कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन, मॉड्युलेशन, डिले, रिव्हर्ब. फेजर आणि व्हाइब डिस्टॉर्शनच्या आधी ठेवून जरूर ऐका, हेलकावा आवाजात विरघळतो. कोरस मात्र आधी ठेवला की डिस्टॉर्शनमध्ये त्याचा चिखल होतो. ट्रेमोलो डिलेच्या आधी असेल तर थरथरलेल्या आवाजाचेच प्रतिध्वनी येतात, नंतर असेल तर प्रतिध्वनींसकट सगळा आवाज एकत्र थरथरतो. दोन्ही वापरण्याजोगे आहेत.

कार्यक्रमाच्या ठिकाणी

घरी स्टिरिओ हेडफोनवर बसवलेला कोरस मांडवात का बिघडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा आउटपुटच्या जॅकमध्ये असतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला साउंडवाला गिटारला सहसा एकच लाइन देतो. काही स्टिरिओ कोरस एका बाजूला सरळ आवाज आणि दुसऱ्या बाजूला फक्त डुलणारी प्रत पाठवतात. केबल त्या दुसऱ्या बाजूला लागली तर प्रेक्षकांपर्यंत नुसता व्हायब्रेटो पोहोचतो. एकच केबल असेल तेव्हा ती 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकमध्येच लावा आणि कोरसचं मोनो मॉडेल निवडा. घरी एकदा तसंच, एकाच स्पीकरवर ऐकून घ्या.

स्टेजच्या आवाजात मॉड्युलेशन घरच्यापेक्षा जास्त जाणवतं, मोठ्या हॉलमध्ये तर हॉलचा स्वतःचा घुमाराही त्यात मिसळतो. त्यामुळे कार्यक्रमासाठी त्याच पॅचची एक प्रत करून तिचं मिक्स थोडं उतरवून ठेवा. बदल केल्यावर 'स्टोअर' किंवा 'राइट' दाबायला विसरू नका. न दाबता पॅच बदलला की बहुतेक मशीनमध्ये मेहनत जाते.

नॉब फिरवताना दोन्ही हात मोकळे हवेत, त्यासाठी लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय, उत्तम. पण लूपर साखळीच्या शेवटी असेल तर रेकॉर्ड झालेल्या आवाजात इफेक्ट आधीच मिसळलेला असतो आणि नॉब फिरवून काही बदलत नाही. तुमच्या प्रोसेसरमध्ये तो सुरुवातीला नेता येत असेल तर न्या. नसेल नेता येत, तर एका मित्राला वाजवायला बसवा.

एवढं करूनही एखादा पॅच बसत नसेल तर प्रोसेसर घेऊन दुकानात या. गिटार तुमचीच आणा, कारण सिंगल कॉइल आणि हंबकर पिकअपवर तोच कोरस वेगळा ऐकू येतो, आणि ज्या गाण्यासाठी पॅच हवा आहे ते गाणं मोबाइलवर घेऊन या.