सामान्यीकरण : पाठ टाचणातल्या एका पायरीची पार्श्वभूमी

वादात आपण समोरच्याला बजावतो, ‘असं सामान्यीकरण करू नका.’ पाठ टाचणात, म्हणजे तास कसा घ्यायचा याच्या शिक्षकाने आधी लिहिलेल्या आराखड्यात, मात्र ‘सामान्यीकरण’ ही मानाची पायरी होती. घाईने ठोकलेलं विधान आणि तपासून केलेलं विधान, दोन्हींना मराठीत एकच नाव पडलं. बोलण्यात आपल्याकडे ‘सरसकट’ हा नेमका शब्द आहे, पण अध्यापक विद्यालयाच्या भाषेत तो रुळला नाही.

न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, हा गुंता फार आधी सोडवला होता. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे कायम सोबत असण्याचा नियम, खरी. ती उलटवली की खोटी ठरते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. सरपण ओलं असेल तरच धूर निघतो. या लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणत. ही विद्या संस्कृत पाठशाळांत राहिली. पंतोजींच्या शाळेत पाढे आणि मोडी.

आपल्या वर्गांना वळण लावलं ते पंचपदीने. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडलेली ही पद्धत शिक्षक-प्रशिक्षणातून इकडे आली : पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. चौथ्या पायरीवर मुलांनी नियम सांगायचा, पाचवीवर तो वापरायचा. नियम मोडणारं उदाहरण शोधा, असं सांगणारी पायरीच नाही. पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की ते काम तुलनेतच व्हायचं होतं, आणि लहान मुलांपुढे नियम डळमळीत ठेवून तास संपवता येत नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. पण डी.एड.ला असताना मी पाहिलेल्या पाठांत फळ्यावर तीन उदाहरणं यायची, तिन्ही नियमाला धरून, तिन्ही गुरुजींनी निवडलेली. मुलं त्यातून नियम शिकली आणि न सांगता आणखी एक गोष्ट शिकली : तीन दाखले पुरतात.

ते पुरत नाहीत हे सातवीच्या वर्गातही दाखवता येतं. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर 41 मिळवा. 1 पासून 39 पर्यंत प्रत्येक उत्तर मूळ संख्या येतं. 40 घेतलं की 1681, म्हणजे 41 गुणिले 41. एकोणचाळीस दाखले जमेला, तरी नियम खोटा. माणसांच्या बाबतीत ही घाई किती निर्दय होते हेही मुलांना सांगायला हवं : इंग्रज सरकारच्या 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि तो रद्द व्हायला 1952 उजाडलं.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः ज्ञान रचतं हा विचार, आला, टाचणाचे रकाने बदलले, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराला जागा मिळाली. तर्कशास्त्र हा विषय म्हणून मात्र आजही अकरावी-बारावीलाच भेटतो, तोही ऐच्छिक. मला हा उशीर खटकतो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ दुसरीतल्या मुलालाही कळते. एका पातेल्यातलं शीत दुसऱ्या पातेल्याबद्दल काही सांगतं का, एवढंच पुढे विचारायचं असतं.

नाशिकच्या मुलांसाठी तर सामग्री गंगेवरच, म्हणजे गोदावरीवरच, उभी आहे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला की गळ्याला, यावरून शहर पुराचा अंदाज बांधतं. 2008, 2016, 2019 चे पूर घरातल्या मोठ्यांना आठवतात. ‘जोराचा पाऊस झाला की मारुती बुडतो’ हे विधान फळ्यावर लिहून वर्गाला तपासायला द्यावं. शहरात धो धो पाऊस असून मारुती कोरडा राहिल्याचे दिवस मुलं घरी विचारून आणतील. शहरात उघडीप असताना नदी फुगल्याचेही आणतील. मग कुणीतरी विचारेल, त्र्यंबककडे पाऊस किती होता, गंगापूर धरण किती भरलं होतं, विसर्ग किती क्युसेकचा होता. ओलं सरपण सापडलं की विधान पुन्हा लिहायचं, अटीसकट.