पदर वेगळे, जाडी वेगळी: बाळाच्या ब्लँकेटसाठी दोरा घेताना

"पॅटर्नमध्ये ४ प्लाय लिहिलं होतं, मीही ४ प्लायच आणला, मग ब्लँकेट एवढं मोठं आणि जड कसं झालं?" घरात बाळ येणार असं कळलं की कोणीतरी मावशी किंवा आत्या उत्साहानं क्रोशाची सुई काढते आणि महिन्याभरात हा प्रश्न विचारते. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली: तुझा हात सैल आहे, सुई मोठी झाली असेल, टाके मोजायला चुकली असशील. हात बिचारा बरोबर असतो. चूक दोरा निवडताना झालेली असते, आणि तीही लेबल नीट वाचूनच झालेली असते.

क्रोशा तुम्हाला येतो असं मी धरून चालते. साखळी घालता येते, खांब येतात, ओळ कशी वळवायची ते ठाऊक आहे, कडेचा टाका सुटून ब्लँकेट हळूहळू त्रिकोणी होत जाण्याचा अनुभवही बहुतेक घेऊन झालाय. त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. घोळ आहे तो प्लाय आणि जाडी या दोन गोष्टींत.

प्लाय म्हणजे पदर. कापूस, लोकर किंवा ॲक्रिलिकचे तंतू पिळून आधी एकेरी सूत तयार होतं. अशी दोन, तीन, चार सुतं एकत्र घेऊन त्यांना उलट दिशेनं पीळ दिला की दोनपदरी, तीनपदरी, चारपदरी दोरा होतो. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून पीळ सोडवा, पदर सुटे होतील, मोजता येतील. प्लायचा आकडा एवढंच सांगतो. ते एकेक सूत केवढं जाड होतं, याबद्दल तो अक्षरही बोलत नाही. शिवणाचा दोरा सहसा तीनपदरी असतो आणि विहिरीवरचा दोरही तीनपदरी असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग हुशार माणसं प्लायला जाडी का समजतात? कारण एके काळी ती समजूत बरोबर होती. ब्रिटनमध्ये विणकामाच्या लोकरीचं एकेरी सूत ढोबळमानानं ठरलेल्या जाडीचं असे. सूत ठरलेलं असलं की पदर वाढतील तसा दोरा जाड होणार, त्यामुळे पदरांचा आकडा हेच जाडीचं नाव झालं. पुढे गिरण्या हव्या त्या जाडीचं सूत काढू लागल्या, तरी नाव टिकलं. आज ब्रिटिश पॅटर्नमध्ये ४ प्लाय लिहिलेलं असतं तेव्हा ते जाडीच्या एका वर्गाचं नाव असतं. तो वर्ग बऱ्यापैकी बारीक आहे, आणि त्यातल्या एखाद्या दोऱ्याला प्रत्यक्षात तीनच पदर असले तरी कोणी तक्रार करत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हीच पद्धत आणखी पुढे गेली. ब्रिटिश ज्याला डीके (डबल निटिंग, ४ प्लायहून जाड) म्हणतात त्याला तिथे ८ प्लाय म्हणतात, त्याहून जाड एरन किंवा वर्स्टेडला १० प्लाय, आणि त्याहूनही जाड चंकीला १२ प्लाय. त्या १२ प्लाय दोऱ्यात बारा पदर शोधू नका, सापडणार नाहीत.

अमेरिकेत मात्र भलतंच झालं. तिथला वर्स्टेड जाडीचा दोरा वर्षानुवर्षं ४ प्लाय म्हणून विकला गेला, कारण त्यात खरोखरच चार पदर होते. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ: ब्रिटिश ४ प्लाय बारीक, अमेरिकन ४ प्लाय चांगला जाड. त्यात पुन्हा कॉटनवर चार किंवा पाच प्लाय असं लिहिलेलं असतं, ते निव्वळ पदर मोजून लिहिलेलं असतं आणि जाडी काहीही असू शकते. एका ठिकाणचा पॅटर्न, दुसऱ्या ठिकाणचा दोरा, लेबल तिसऱ्याच पद्धतीचं, आणि दोष हाताला.

याचा परिणाम केवढा होतो ते मोजूनच बघा. पॅटर्न ब्रिटिश ४ प्लायचा आहे, १० सेंटीमीटरमध्ये २० खांब बसतात आणि ओळीत १८० खांब आहेत. ब्लँकेट ९० सेंटीमीटर रुंद होणार, बाळासाठी छान माप. तुम्ही आणलेला ४ प्लाय वर्स्टेड जाडीचा निघाला. सुई ४ मिलिमीटरचीच ठेवलीत, म्हणून १० सेंटीमीटरमध्ये कसेबसे १५ खांब बसले. आता रुंदी १२० सेंटीमीटर. लांबीही त्याच प्रमाणात वाढली तर क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. वजन त्याहूनही जास्त वाढतं, कारण दोराच जाड. शिवाय जाड दोरा लहान सुईनं विणल्यामुळे वीण ताठ होते, अंगावर पडत नाही, उभी राहते. बाळाच्या अंगावर असलं ओझं कोण घालणार? ते सोफ्याच्या पाठीवर जातं आणि "किती सुंदर केलंस गं" एवढ्यावर विषय संपतो.

म्हणून प्लायचा आकडा दिसला की पुढचं वाचा. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न काउन्सिलनं जाडीला ० ते ७ असे क्रमांक दिले आहेत आणि ते लेबलवर गुंड्याच्या छोट्या चित्रात छापलेले असतात. ब्रिटिश ४ प्लाय १ क्रमांकात येतो, डीके ३ मध्ये, वर्स्टेड आणि एरन ४ मध्ये. हा क्रमांक असेल तर प्लायकडे बघायचं कारणच उरत नाही.

क्रमांक नसेल तर १०० ग्रॅममध्ये किती मीटर दोरा आहे ते बघा. लोकरीत ढोबळमानानं ४ प्लाय ४०० मीटरच्या आसपास, डीके २०० ते २५०, वर्स्टेड आणि एरन १५० ते २०० च्या दरम्यान. इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात जाणकारही पडतात. कॉटन जड आणि ॲक्रिलिक हलकं. कॉटनची घनता साधारण १.५, ॲक्रिलिकची १.१७ च्या आसपास. त्यामुळे १०० ग्रॅममध्ये २२० मीटर भरणारं कॉटन आणि २८० मीटर भरणारं ॲक्रिलिक जवळजवळ एकाच जाडीचे असू शकतात. मीटरची तुलना कॉटनची कॉटनशी आणि ॲक्रिलिकची ॲक्रिलिकशीच करा.

लेबलच हरवलंय? घरी पडलेल्या गुंड्यांचं हेच होतं. दोरा पट्टीभोवती न ताणता, शेजारी शेजारी, एकावर एक न चढवता गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. दोन इंच गुंडाळून निम्मे केलेत तर आकडा जास्त भरवशाचा येतो. साधारण १४ वेढे म्हणजे ४ प्लाय, ११ च्या आसपास डीके, ९ च्या आसपास वर्स्टेड, ७ म्हणजे चंकी. ताणून गुंडाळलंत तर सगळेच दोरे बारीक ठरतील.

सगळ्यात जास्त हाल होतात ते घरातल्या बायका मिळून ब्लँकेट करायचं ठरवतात तेव्हा. आजी, दोन मावश्या, एक काकू, प्रत्येकीनं दहा चौकोन करायचे. ठरतं काय? "४ प्लाय, ४ नंबरची सुई, पाच फेऱ्या." प्रत्येकीनं शब्द पाळलेला असतो आणि चौकोन समोर ठेवले की एकीचे ११ सेंटीमीटरचे, दुसरीचे १५ चे. मग लहान चौकोनांना जादा फेरी घालून ओढाताण सुरू होते, आणि जोडलेलं ब्लँकेट धुतलं की जोडावर फुगतं. माझं यावर ठाम मत आहे: सगळा दोरा एकीनंच घ्यावा आणि वाटावा. फेऱ्या न ठरवता माप ठरवावं, चौकोन १२ सेंटीमीटरचा झाला पाहिजे, ज्याच्या त्याच्या हाताला लागेल ती सुई. "माझ्याकडे घरात आहे तो वापरते" म्हणणाऱ्या काकूंना दुसरं काहीतरी विणायला द्यावं.

दोन दोरे एकत्र धरण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. दोन ४ प्लाय एकत्र म्हणजे ८ प्लाय, म्हणून जाडीही दुप्पट, हा हिशेब कागदावर छान जमतो. पण दोन सारखे दोरे एकत्र घेतले की जाडी दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होते. दुप्पट होतं ते वजन. दोन ब्रिटिश ४ प्लाय धरले की डीके किंवा त्याहून किंचित जाड काम होतं. दोन वर्स्टेडचे दोरे धरले तर सरळ चंकीत पोचाल, तेव्हा बाळासाठी तो विचार सोडून द्या.

मग पदरांना काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो टिकाऊपणापुरता. एकपदरी दोरा मऊ असतो, दुकानात हातात घेतला की मोह होतो, आणि चार धुण्यांत त्याला गोळे येतात, तंतू सुटतात. बाळ ब्लँकेटचं टोक तोंडात घालणारच आहे, त्यामुळे मला तीन किंवा जास्त पदर आणि घट्ट पीळ हवा. नुसते पदर जास्त असून भागत नाही: पीळ सैल असेल तर क्रोशाच्या सुईचं टोक पदरांच्या मध्ये घुसतं आणि निम्मेच पदर उचलले जातात. काही दोरे तर नळीसारखे विणून केलेले असतात, त्यांत मोजायला पदरच नसतात. मखमली दोऱ्याचा मला मनापासून कंटाळा आहे. टाके दिसत नाहीत, उसवायला गेलं तर लव निघून येते, आणि तरीही "बेबी" लिहिलेल्या लेबलवर लोक भाळतात. "बेबी" हे जाडीचंही प्रमाण नाही आणि मऊपणाचंही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. सुईच्या क्रमांकांच्या अनेक पद्धती आहेत, म्हणून फक्त मिलिमीटर बघा. कॉटनच्या बारीक क्रोशा दोऱ्याचे १०, २०, ४० हे क्रमांक उलटे चालतात, आकडा वाढेल तसा दोरा बारीक होतो, पण त्यानं ब्लँकेट करायला कोणी बसू नये. रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला दोरा, एकच घ्या. डीके जाडी, धुता येणारं ॲक्रिलिक किंवा कॉटन, ४ ते ४.५ मिलिमीटरची सुई आणि बोट अडकणार नाही अशी वीण, याच्या पलीकडे मी बाळासाठी सहसा जात नाही. झालर आणि लोंबते गोंडे तर नकोच. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपवताना पाळण्यात सुटं ब्लँकेट ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा हे ब्लँकेट मांडीवर, बाबागाडीत किंवा जमिनीवर, आणि मोठं माणूस जवळ असताना.

भेट देताना दोऱ्याचं लेबल आणि हातभर उरलेला दोरा एका पाकिटात घालून सोबत द्या. धुणार त्या घरची माणसं आहेत, तुम्ही नाही. त्या लेबलवर नुसतं ४ प्लाय छापलेलं असेल तर मागे पेनानं लिहा: इंचात ११ वेढे, ४ मिलिमीटरची सुई. पुढे कोणा आत्याला त्याला किनार लावायची झाली तर दोरा आणताना तिला तेवढंच लागेल.