तीन तारांचा पेसमेकर प्रत्येक अशक्त हृदयासाठी नसतो

हृदयाचे पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातले किती रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकले जाते ते प्रमाण, ३५ टक्क्यांपर्यंत घसरले की तीन तारांचा पेसमेकर, म्हणजेच सीआरटी, बसवून घ्यावा, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे आणि तो अर्धवट असल्यामुळेच घातक आहे. हे यंत्र स्नायूला बळ देत नाही. विद्युतसंदेश उशिरा पोहोचल्याने मागे पडणारी डावी भिंत, हृदयाच्या शिरेतून नेलेल्या तारेद्वारे, इतर भागांबरोबर आकुंचन पावावी एवढेच ते साधते. म्हणून आधी ईसीजी पाहावा: विद्युतसंदेश नेणारा डावा वहनमार्ग अडलेला असून क्यूआरएस लाट (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत संदेश पसरतानाची ईसीजीवरची लाट) १५० मिलिसेकंद, म्हणजे कागदावरच्या जवळजवळ चार बारीक चौकटी, किंवा त्याहून रुंद असल्यास लाभाची शक्यता सर्वाधिक असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इकोसीआरटी या रुग्णांवरील वैद्यकीय अभ्यासात १३० मिलिसेकंदांहून अरुंद लाटेच्या रुग्णांना फायदा झाला नाहीच, उलट मृत्यू अधिक झाले.