पटावर बाई कधी आली?

गोव्यात पर्वरीतल्या एका फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी आम्ही पाच जण खेळायला बसतो. त्यांतल्या तिघी बायका. मधे नकाशाचा कागद, पेन्सिली, काजूगरांची वाटी आणि मूठभर चमत्कारिक फासे: चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. एकदा दार उघडं दिसलं म्हणून शेजारच्या काकी डोकावल्या. एक जण आवाज खरखरीत करून म्हातारा पुजारी झाला होता आणि त्याच्याशी आमची एक मैत्रीण दक्षिणेवरून हुज्जत घालत होती. काकींनी विचारलं, "नाटकाची तालीम गो?"

अंदाज फारसा चुकला नव्हता. पेडण्याकडचा दशावतार पाहिलेल्या माणसाला हा खेळ पाच मिनिटांत समजावता येतो. दशावतारी नटाला आख्यान ठाऊक असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलतो त्यावर आपण काय बोलायचं ते उभ्या उभ्या ठरतं. टेबलटॉप रोल-प्लेइंगमध्ये तसंच चालतं. एक जण सूत्रधार, ज्याला सगळे डीएम (डंजन मास्टर) म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. पात्राने भिंतीवरून उडी मारली खरी, पण ती जमली का, हे फासा ठरवतो. प्रेक्षक नाहीत, आणि आख्यान एका रात्रीत संपत नाही. आमचं एक कॅम्पेन, म्हणजे डावामागून डाव चालणारं एकच आख्यान, दीड वर्ष चाललं.

दशावताराची आणखी एक गोष्ट इथे आठवते: स्त्रीपार्टी नट. बाईचं काम पुरुषाने करायचं आणि तेही असं, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी साडी नेसण्याची ढब न्याहाळावी. संगीत नाटकातही तेच होतं. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर स्त्रीभूमिकांत गाजले. १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं आणि त्यात गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा बाईची भूमिका बाईनेच करणं ही अजून नवलाई होती. म्हणजे पात्र आधी येतं, बाई मागाहून, आणि मधल्या काळात ती कशी असावी हे इतरांनी ठरवून टाकलेलं असतं. या खेळातही असंच झालं असणार, असा माझा समज होता. शोधत गेल्यावर क्रम उलटा निघाला. बाई पहिल्या डावालाच हजर होती. नियमांनी तिला नंतर बाहेर बसवलं.

खेळाचं मूळ लष्करी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन लुटुपुटीची लढाई खेळत. तीच गोष्ट पुढे छंद झाली. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या सैनिकांच्या खेळाचं पुस्तक काढलं. हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांचे खेळ व पुस्तकं आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठीही, असं त्याच्या उपशीर्षकातच लिहिलं आहे. वेल्सना ते कौतुक वाटलं असावं. पन्नास-साठ वर्षांनी अमेरिकेच्या मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातल्या हौशी मंडळींनी सैन्याऐवजी एकेकच माणूस हाती घेतला, लढाईऐवजी तळघरं आणि राक्षस आणले, आणि जानेवारी १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली छपाई हजार प्रतींची.

गायगॅक्स सांगत, की लेक जिनीव्हातल्या घरी आपलं भुयार त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या दोन मुलांवर आजमावलं: मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस. नावं सुचवायची वेळ आली तेव्हा कागदावरच्या शब्दांतून 'डंजन्स' आणि 'ड्रॅगन्स' ही जोडी धाकट्या सिंडीला आवडली. म्हणजे पहिल्या खेळाडूंत मुलगी, आणि नाव ठेवणारीही मुलगी. आणि पेटीतल्या तीन पुस्तिकांपैकी पहिलीचं नाव? 'मेन अँड मॅजिक'. लढवय्या पात्राचं अधिकृत नाव 'फायटिंग-मॅन'. त्याच वर्षी गोव्याच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर होत्या. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण अमेरिका पुढे आणि आपण मागे, असं कोणी म्हणालं की मी हे साल सांगते.

मग नियम आले. ऑक्टोबर १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' मासिकात लेन लाकोफ्का यांनी स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख लिहिला. बायकांना खेळात आणावं हा त्याचा हेतू होता, हे विशेष. पुरुषाची ताकद सहा बाजूंच्या तीन फाशांवर ठरे, म्हणजे जास्तीत जास्त अठरा. बाईसाठी आठ बाजूंचा एक आणि सहा बाजूंचा एक, म्हणजे चौदाला गाडी थांबली. 'करिश्मा' हा गुण काढून तिला 'सौंदर्य' दिलं. हा मासिकातला प्रस्ताव होता, कोणावर बंधन नव्हतं.

१९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमपुस्तकात मात्र बंधन आलं. ताकद अठरा असलेल्या लढवय्याने पुन्हा शंभरापैकी एक आकडा पाडायचा, अशी सोय होती. पुरुषाला शंभरपर्यंत मुभा, मानवी स्त्रीला पन्नासपर्यंतच. इथे जरा थांबून हिशोब करण्यासारखा आहे. तीन फाशांवर तिन्ही सहा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. पात्र पाडायच्या दुसऱ्या पद्धतींत ती थोडी वाढते, तरी अठरा दुर्मीळच. त्यातून पात्र लढवय्या हवं, त्यातून स्त्री हवं, आणि त्यातून पुढचा आकडा पन्नासच्या वर पडायला हवा. इतकं सगळं जुळलं, तरच नियम लागू! कित्येक टेबलांवर वर्षानुवर्षं त्याची एकदाही गरज पडली नसेल. फाशाच्या दृष्टीने तो निरुपयोगी होता. पण पात्र उभं करताना तो तक्ता प्रत्येकीच्या नजरेखालून जायचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी त्या काळात या खेळाडूंचा अभ्यास केला आणि १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजाने बायकांचं प्रमाण पाच ते दहा टक्के होतं. ताकदीची ती मर्यादा खेळाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली.

याच काळात लिहिणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची नावं खेळणाऱ्यांनाही पटकन आठवत नाहीत, याचा मला राग येतो. लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथाप्रेमींच्या पत्रिकेत या खेळाचीच चर्चा एवढी वाढली, की तिला वेगळी जागा काढावी लागली. ती जागा ली गोल्ड यांनी १९७५ च्या जूनमध्ये काढली: 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स'. सभासदांनी आपापली पानं पाठवायची, ली यांनी ती एकत्र बांधून सगळ्यांना धाडायची. नियमांचे वाद, नवीन पात्रं, डावांचे वृत्तान्त, सगळं तिथे. हे काम त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं केलं. आपल्याकडे एखाद्या गावच्या वाचनालयाचं हस्तलिखित एकाच बाईने अर्धशतक चालवलं असतं, तर तिच्या नावाने सभागृह असतं.

जीन वेल्स यांची गोष्ट कडवट आहे. १९७९ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या डिझाइन विभागात घेतलेल्या त्या पहिल्या बाई. त्यांचं साहस, म्हणजे खेळायला तयार आख्यान, 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' १९८१ मध्ये छापून झालं, आणि आतल्या काही चित्रांवरून कंपनीतल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. प्रती परत मागवून नष्ट केल्या आणि टॉम मोल्डवे यांच्याकडून ते बरंचसं नव्याने लिहवून घेतलं. वाचलेल्या थोड्या नारिंगी मुखपृष्ठाच्या प्रती आज संग्राहक भरमसाट पैसे मोजून घेतात. लॉरा हिकमन यांनी नवऱ्याबरोबर 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस रचलं, ते १९८३ चं. 'ड्रॅगनलान्स' या खेळातल्या काल्पनिक जगाची कल्पना या दोघांना युटाहून विस्कॉन्सिनला गाडीने जाताना सुचली आणि १९८४ पासून मार्गारेट वाइस यांच्या सहलेखणीतून तिच्या कादंबऱ्या आल्या. १९८५ पासून १९९७ पर्यंत तर कंपनीचा कारभारच लोरेन विल्यम्स या बाईंच्या हाती होता. जुने खेळाडू अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतात. त्यांतली काही टीका धंद्याच्या हिशोबाने रास्त असेलही, पण पुरुष मालकांच्या चुका सांगताना तो पुरुष होता हे कोणी आवर्जून सांगत नाही.

पुढचं भराभर घडलं. १९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या दुसऱ्या खेळाने तलवारीपेक्षा नातीगोती, कारस्थानं आणि अपराधीपणा यांवर भर दिला, आणि त्या टेबलांवर बायका जास्त दिसू लागल्या. २०१३ च्या सुमारास 'एक्स-कार्ड' आलं: टेबलावर फुली मारलेला एक कागद, खेळात नको ते घडू लागलं की त्याला हात लावायचा, कारण सांगायचं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पात्राचं लिंग ठरलेल्या दोनच खणांत बसवण्याची गरज नाही, हे नियमपुस्तकातच छापलं. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या इंटरनेटवरच्या कार्यक्रमातून लोकांनी नुसता हा खेळ बघायला सुरुवात केली, आणि त्यात खेळणाऱ्या बायका पहिल्यापासून होत्या. २०२२ च्या एका साहससंग्रहात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांवरून रचलेला मुलूख आहे. तो वाचल्यावर आमच्या डीएम बाईंनी मांडवी-झुवारीचा नकाशा पुढ्यात घेतला.

गोव्यात ताकदीचा तक्ता आमच्या आड कधी आला नाही, तो आमच्या जन्माआधीच रद्द झाला होता. आड आली ती वेळ. एक डाव चार तास चालतो आणि मुलगे तो रात्री जेवणं आटोपून मांडतात. फोंड्याची शेवटची बस तोवर गेलेली असते. कॉलेजात मी ज्या पहिल्या टेबलावर बसले, तिथे मला न विचारता वैद्यपात्र दिलं: इतरांनी लढायचं, तू जखमा बांध. साडेआठला मी निघाले की माझं पात्रही "झोपायचं", आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की राक्षस मेला. २०२० च्या टाळेबंदीत खेळ फोनवर आणि लॅपटॉपवर गेला, तेव्हा पहिल्यांदा मी एक डाव शेवटपर्यंत खेळले. त्यातही माईक बंद ठेवून, कारण पलीकडे आजी निजलेली.

रात्रीच्या खेळाला आमच्या घरी मुळात विरोध नाही, हे यातलं गंमतीचं. पौषात धालो सुरू झाले की आई संध्याकाळपासूनच लगबगीत असते. मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, समोरासमोर दोन रांगा, हात एकमेकींच्या कमरेला, गाणी मध्यरात्रीपर्यंत, आणि शेवटच्या रात्री सोंगं. एरवी पदर न ढळू देणारी शेजारीण त्या रात्री शिकारी होते, बुवा होते, कोणाकोणाची नक्कल करते, आणि पुरुषांना तिथे जागा नसते. मात्र मांड गावाचा असतो, त्याला देवीचं नाव असतं, पंचांगातला महिना असतो. आमच्या टेबलाला यातलं काही नाही. म्हणून ते दुपारी दोनला मांडायचं ठरलं. तो बदल आमच्या डीएम बाईंनी केला आणि त्याच महिन्यात आणखी दोघी आल्या.

पहिल्या रविवारी निघताना आईने हाक मारली, "कितले वरांमेरेन?"

"सहापर्यंत."

"दनपारां न्हय? मागीर वच," (दुपारी ना? मग जा) ती म्हणाली, आणि काजूगरांचा डबा हातात दिला.