मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल (गलविंग)

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल ही पश्चिम जर्मनीत १९५४ ते १९६३ या काळात बनलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार. आधी कूपे, म्हणजे बंद छताची गाडी आली (१९५४-५७, एकूण १,४०० गाड्या), नंतर उघडी रोडस्टर (१९५७-६३, १,८५८ गाड्या). लोकांच्या लक्षात राहिली ती कूपेच, कारण तिची दारं छताला बिजागऱ्या लावून वरच्या बाजूला उघडतात आणि दोन्ही उघडली की समोरून पंख पसरलेला सीगल (समुद्रावरचा पक्षी, इंग्रजीत गल) दिसतो, म्हणून नाव गलविंग. पण ती दारं कुणी शायनिंग मारायला बसवलेली नाहीत, दुसरा इलाजच नव्हता.

सुरुवात १९५२ च्या रेसिंग कारपासून. युद्धानंतर कंपनीकडे पैसा कमी, त्यामुळे नवीन इंजिन न बनवता मोठ्या ३०० सेडानचंच तीन लिटर, सहा सिलिंडरचं इंजिन उचललं. ते जड होतं, म्हणून इंजिनिअर रुडोल्फ उलेनहाउट यांनी बाकीचं वजन चॅसीतून (गाडीच्या सांगाड्यातून) काढलं: बारीक स्टील नळ्या त्रिकोणात जोडून साधारण ५० किलोची फ्रेम. तिला मजबुती यावी म्हणून नळ्या दोन्ही बाजूंनी बऱ्याच उंच न्याव्या लागल्या, मग नेहमीच्या दाराला जागा कुठून राहणार? त्याच वर्षी या गाडीने फ्रान्समधली २४ तासांची ल माँ रेस जिंकली, मेक्सिकोची कारेरा पानामेरिकाना रेस पण जिंकली. मेक्सिकोत तर चालत्या गाडीच्या काचेवर गिधाड आदळलं, शेजारी बसलेला हान्स क्लेंक रक्तबंबाळ, तरी तो आणि कार्ल क्लिंग पहिलेच आले (नंतर काचेपुढे लोखंडी गज लावले ते वेगळं).

रस्त्यावरची गाडी बनवायचा कंपनीचा तसा विचार नव्हता. न्यूयॉर्कचा इम्पोर्टर मॅक्स हॉफमन मागे लागला की अमेरिकेत ही विकली जाईल, आणि म्हणून फेब्रुवारी १९५४ मध्ये गाडी पहिल्यांदा दाखवली ती न्यूयॉर्कच्या शोमध्ये, जर्मनीत नाही. जर्मनीत किंमत २९,००० मार्क, तेव्हाच्या साध्या माणसाच्या स्वप्नाबाहेरची.

इंजिन २,९९६ सीसी, आणि बॉनेट खाली ठेवायचं म्हणून डावीकडे चांगलंच कलवून बसवलेलं. खरी कमाल बॉशच्या मेकॅनिकल डायरेक्ट इंजेक्शनची: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनच्या प्रॉडक्शन कारमध्ये हे पहिल्यांदाच आलं, आधी जर्मन विमानांच्या इंजिनांत होतं. पॉवर २१५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), म्हणजे कार्ब्युरेटरवाल्या रेसिंग कारपेक्षाही जास्त. गिअरबॉक्स ४-स्पीड मॅन्युअल, वजन १,३०० किलोच्या आसपास, कूपेची टाकी १३० लिटरची, आणि मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो कुठला घेतलाय त्यावर टॉप स्पीड ताशी २३५ ते २६० किमी. त्या काळी एवढा वेग दुसऱ्या कुठल्या प्रॉडक्शन कारला नव्हता. बॉडी बहुतेक स्टीलची, बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. पूर्ण ॲल्युमिनियमच्या फक्त २९ निघाल्या आणि आज त्यांच्यासाठीच सगळ्यात जास्त मारामारी.

चालवायला मात्र गाडी लाडाची नव्हती. आत बसायचं तर उंच उंबरठा ओलांडावा लागायचा, त्यासाठी स्टिअरिंग व्हील दुमडायची सोय दिली होती. काचा खाली होत नाहीत त्यामुळे उन्हात आत भट्टी. इग्निशन बंद केलं तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहतो, ते न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल वारंवार बदलायचं. सगळ्यात वाईट म्हणजे मागचा स्विंग ॲक्सल (दोन्ही बाजूंचे अर्धे ॲक्सल मधून वर-खाली झुलतात, चाकंही त्यांच्यासोबत कलतात): वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की चाकं आत झुकायची आणि गाडीची मागची बाजू घसरायची. रोडस्टरला त्यातलाच सुधारलेला ॲक्सल मिळाला, फ्रेमच्या बाजू खाली आणल्याने नेहमीची दारं मिळाली, आणि १९६१ मध्ये ड्रमऐवजी डिस्क ब्रेक. म्हणजे रोज वापरायला रोडस्टर सरळसरळ बरी, पण पोस्टरवर कूपेच.

एक गोंधळ कायम होतो. २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला विकली गेलेली 'उलेनहाउट कूपे' ही ३०० एसएल नाही. ती ३०० एसएलआर, वरून अशाच दारांची पण आतून आठ सिलिंडरची, ग्राँ प्री (फॉर्म्युला वन) गाड्यांच्या घराण्यातली रेसिंग कार, आणि तशा कूपे बनल्याच दोन.